इस्त्री ऐकतेय

त्या बाईला रीतभात ठाऊकच नव्हती. काउंटरवर घंटी ठेवलेली असताना ती न वाजवता फळी उचलून सरळ आत आली. चहा विचारला तर "नको, राहू दे." चांगली पाठीची खुर्ची पुढे केली, तर ती सोडून पोरीच्या बुटक्या स्टुलावर बसली, गुडघे पार हनुवटीपर्यंत. आणि कहर म्हणजे, एवढी शिकली-सवरलेली, लहान मुलांच्या मनाची जाणकार म्हणून शाळेनं मुद्दाम पाठवलेली, तिनं पोरीपुढे रंगवायला होडीचं चित्र ठेवलं, खाली पाणी, वर आभाळ, आणि पेन्सिलींच्या डबीत निळी पेन्सिलच नाही!

थोरली हे सगळं इस्त्रीचा हात न थांबवता बघत होती. गल्लीभर तिला थोरलीच म्हणत. खरं तर ती या घरात आली तेव्हा सगळ्यांत धाकटी सून होती, पण जिभेच्या जोरावर तिनं एकेकाला मागं सारलं आणि थोरलेपण आपोआप तिच्याकडे चालत आलं. शाळेशी तिचं फारसं जमलं नव्हतं. अक्षरं ओळखायची, बेरीज तोंडी करायची, बाकी सगळं शिक्षण या लॉन्ड्रीत झालं होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. हॉटेलच्या चादरी, ऑफिसवाल्यांचे शर्ट, आणि दिवसभर वाफ.

"बाई, विसरलात वाटतं," ती म्हणाली.

"काय?"

"निळी. पाणी कशानं रंगवायचं पोरीनं? लाल?"

"बघू या ना, काय करते ते." बाईचा आवाज असा, की जिने चढून चढून दमली असावी, आणि अजून बरेच बाकी असावेत.

पोरगी काहीच करत नव्हती. बिट्टी, थोरलीची नात, पाचवं लागलेलं. तिनं डबी बघितली, चित्र बघितलं, परत डबी बघितली. मग कोपऱ्यातल्या इस्त्रीकडे एक नजर टाकली, ओठ घट्ट मिटले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसतात तशी.

थोरलीला ते बघवेना. तिनं इस्त्री उभी केली, खण ओढला, कपड्यावर खूण करायचा निळा खडू काढला आणि पोरीच्या मुठीत कोंबला. "घे. फास पाणी."

बिट्टीनं फासलं. खडूखाली कागद फाटला. बाईनं डोळे मिटून सुस्कारा सोडला, डबी पिशवीत टाकली, उठताना टेबलाची कड धरली, आणि "परत येते" एवढं म्हणून गेली. पोरीला शाबासकी नाही, थोरलीला नमस्कार नाही.

"आली काय, बसली काय, गेली काय," थोरली संध्याकाळी सुनेला म्हणाली. "एक प्रश्न विचारला नाही गं पोरीला. आपला शर्ट न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा दोन शब्द जास्त बोलतं."

सून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या नोकरीत होती. घरी यायची तेव्हा तिच्या घशात आवाज उरलेला नसायचा. तिनं बूट काढले आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. "आई, या आठवड्यात शाळा ठरवणार आहे. बाई काय सांगतील त्यावर. एक तर मोठ्या गटात घेतील, नाही तर म्हणतात, दुसरी शाळा बघा. सावकाश मुलांची."

"सावकाश? आपली बिट्टी? अगं, मोज्यांच्या ढिगातून जोड्या लावायची ती. तुझ्या नवऱ्याला अजून जमत नाही."

"लावायची," सून म्हणाली. "आता लावते का?"

थोरलीनं कोपऱ्यात बघितलं. मोज्यांचा ढीग तसाच टोपलीत होता.

गोष्ट अशी होती की बिट्टी आधी बोलायची. कुणाशी नाही, आपली आपल्याशीच. मोजे घेऊन बसली की तोंडाचा पट्टा सुरू: "हा काळा, ह्याचा भाऊ कुठाय, हा नाही, ह्याला पट्टी आहे, तू गप बस, तुझा नंबर नंतर…" बटणं लावताना बटणाशी, बूट घालताना बुटाशी. शाळेतल्या बाईंनी पहिल्यांदा निरोप पाठवला तो ह्याचाच: मुलगी सारखी पुटपुटते, बाकीच्यांचं लक्ष उडतं.

सून हसली होती. मुलगा म्हणाला होता, सोड गं, सगळीच पोरं करतात. पण थोरलीला धास्ती बसली होती. कारण तिचा नवरा शेवटची वर्षं असाच बोलायचा. ह्याच दुकानात, ह्याच टेबलाशी उभा राहून, हातात काही नसताना हवेतच शर्टाची घडी घालायचा आणि भिंतीला विचारायचा, "कॉलर झाली का? बाही राहिली ना?" थोरली इकडून म्हणायची, "झाली." पुन्हा तो विचारायचा, पुन्हा ती म्हणायची, "झाली हो, झाली." सुरुवातीला तिला वाटायचं तो तिलाच विचारतोय. पुढं कळलं, की तो कुणालाच विचारत नाही. तरी ती उत्तर देत राहिली. शेवटी शेवटी त्यानं तिला ओळखणंही सोडलं आणि बाही मात्र सोडली नाही. तो गेला त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ती दिवसभर झोपली.

आता तेच पुटपुटणं पोरीच्या तोंडी. तेही एवढ्याशा वयात. रक्तातून उतरलं असेल तर? सुनेला हे बोलून दाखवायची सोय नव्हती, मुलाला तर नाहीच. पुन्हा एकदा ते सगळं पहिल्यापासून बघायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं. म्हणून तिनं तिच्या परीनं उपाय केला. पोरीला जवळ घेऊन वाफेच्या इस्त्रीकडे बोट दाखवलं. "ही ऐकते. कुणी उगाच बडबडलं, की हिला राग येतो, आणि राग आला की कापड जाळते." नेमकी त्याच वेळी इस्त्री फुस्सकन वाफ सोडती झाली. पोरीचे डोळे एवढे मोठे झाले. त्यानंतर नुसतं "इस्त्री ऐकतेय" म्हटलं, की बिट्टी गप्प.

उपाय लागू पडला तो इतका, की शाळेतही ती गप्प राहू लागली. शाळेतल्या बाईंनी दुसरा निरोप धाडला: मुलगी काहीच करत नाही, चित्र अर्धं सोडते, ठोकळे रचताना मधेच थांबते, विचारलं तर खिडकीकडे बघते. पहिला निरोप बोलते म्हणून, दुसरा बोलत नाही म्हणून. थोरली म्हणाली होती, "त्या बाईंना पोरगी नको, भिंतीवरचं कॅलेंडर हवंय." पण मनातली धास्ती होती तिथंच होती.

मानसतज्ज्ञ बाई पुन्हा आली ती नेमकी वाईट वेळेला. नाचाच्या शाळेतून चुण्याचुण्यांचा लांब झगा आलेला, संध्याकाळच्या कार्यक्रमाला हवा, आणि मुलगा गाडी घेऊन चादरी पोचवायला गेलेला. चुण्या म्हणजे कशा, बोटभर रुंद, कमरेपासून घोट्यापर्यंत, एक चुकली की पुढच्या सगळ्या चुकल्या.

बाई पुन्हा स्टुलावर. पुन्हा तीच डबी, तसंच दुसरं चित्र.

"आजही निळी नाही?" थोरलीनं टेबलावरूनच विचारलं.

"नाही."

"दुकानं बंद आहेत का तुमच्याकडे? मी आणून देते, पैसे नकोत."

"मुद्दाम काढून ठेवलीय, आजी."

थोरलीचा हात थांबला. "मुद्दाम? एवढ्याशा पोरीला छळायला मुद्दाम?"

बाईनं चष्मा काढून डोळे चोळले. चष्म्याच्या दोन्ही बाजूंना नाकावर लाल खळगे पडले होते. "छळायला नाही. काम सोपं असलं की मुलं मुकाट्यानं करतात. कुठंतरी अडलं, की बोलायला लागतात, स्वतःशीच. मला ते ऐकायचं असतं. त्यासाठीच अडवते, थोडंसं. बालवाड्यांमधून अशीच बसत आलेय मी, केस काळे होते तेव्हापासून."

"बडबड ऐकायला?"

"आमच्या विद्येतली मोठी माणसं म्हणायची, तो नुसता कचरा असतो, वाढलं की गळून पडतो. काही म्हणायची, नाही, त्यात काहीतरी आहे. मी काही नवीन शोधलं नाही, आजी. मी फक्त बसून पाहिलं, कोण खरं बोलतंय. कचरा नाही तो. पोर आधी मोठ्यानं बोलतं, मग पुटपुटतं, मग नुसते ओठ हलतात, मग तेही बंद. ते बोलणं गळत नाही. आत जातं. तुम्ही-आम्ही मनातल्या मनात जे बोलतो ना, हे करू, मग ते करू, ते तिथूनच आलेलं असतं."

"मग हिचं आत गेलं असेल," थोरली घाईनं म्हणाली. "म्हणून गप्प."

"आत गेलं असतं तर होडी रंगवली असती." बाईनं पोरीकडे पाहिलं. पोरगी डबीकडे बघत होती. "हिचं आत गेलेलं नाही. दारातच कुणीतरी अडवलंय. एक सांगा, तोंड उघडायच्या आधी ती इस्त्रीकडे का बघते?"

"मला काय ठाऊक?" थोरली म्हणाली आणि झग्यावर वाकली. "मला कामं आहेत, बाई. तुमच्यासारखं बसून जमत नाही."

दुकानात वाफेचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा तेवढा आवाज राहिला.

झगा भलताच निघाला. कापड निसरडं, आतून अस्तर सुटलेलं, जुन्या चुण्यांच्या खुणा धुण्यात पुसलेल्या. थोरलीनं पहिली चुणी धरली, दुसरी धरली, तिसरीला अस्तर मधे आलं. ती पुन्हा कमरेपाशी आली. आणि तिला न कळत तिचं तोंड सुरू झालं. "हिला खाली घे. हिच्यावर ती. अस्तर मागं, मागं हो म्हणते ना. टोकाला टाचणी. ओढू नको, ओढू नको. आता वाफ. थांब. आता पुढची, हिला खाली घे…"

"आजी! श्श!"

बिट्टी स्टुलापाशी उभी होती. ओठांवर बोट, आणि डोळे भीतीनं इस्त्रीला चिकटलेले. "आजी, बोलू नको ना! इस्त्री ऐकतेय! ती झगा जाळेल!"

थोरलीचं तोंड मिटलं. आपोआप मिटलं, कुणी झाकण दाबावं तसं. तिनं तशीच पुढची चुणी घेतली. कुठली खाली होती? ही, की ती? मघाशी हातांना सगळं पाठ होतं, आता हातच परके झाले. तिनं वाफ सोडली, इस्त्री फिरवली आणि उचलली, तर अस्तराची घडी चुणीवर उमटलेली, चाकूनं कापल्यासारखी आडवी.

ती त्या रेघेकडे बघत राहिली. पुन्हा पाणी मारा, पुन्हा सरळ करा, पुन्हा कमरेपासून. पाठ दुखत होती. पण तिला झग्याचं काही वाटत नव्हतं. तिला दिसत होता तो होडीचा कागद, मोज्यांची टोपली आणि पोरीचे मांडीवर ठेवलेले हात.

बाई स्टुलावर होती तशीच होती. ना हसली, ना "बघितलंत?" म्हणाली. तेवढं मात्र तिचं बरं होतं.

थोरलीनं इस्त्रीची तार भिंतीतून उपसली. जमिनीवर बसायची तिच्या गुडघ्यांना सवय उरलेली नव्हती, तरी ती बसली, पोरीच्या उंचीला.

"इकडे ये. ही इस्त्री आहे ना, हिला कान नाहीत. बघ. हा दांडा, हे पोट, ही नळी. कुठं दिसतात कान?"

बिट्टीनं वाकून खालून बघितलं. "आत असतील."

"आत पाणी असतं. मी खोटं सांगितलं होतं तुला."

"का?"

"मला भीती वाटली म्हणून."

"इस्त्रीची?"

"नाही गं बाई. तुझी."

बिट्टीला हे इतकं गमतीचं वाटलं, की ती खुदकन हसली. मग तिनं इस्त्रीच्या तोंडाशी तोंड नेलं, हळूच म्हणाली, "बडबड बडबड बडबड," आणि मागं उडी मारून थांबली. काही झालं नाही. मग जोरात म्हणाली. तरी काही झालं नाही. मग ती पुन्हा स्टुलाकडे गेली आणि बाईच्या मांडीला टेकून चित्र पुढं ओढलं.

थोरलीनं तार परत लावली, झग्यावर पाणी मारलं, आणि कान मात्र मागं ठेवले. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग गुणगुणल्यासारखं काहीतरी. मग, "निळी नाही. निळी कुठाय? नाहीच. पाणी निळं असतं… लाल नको, लाल आग आहे, होडी जळेल. पिवळं? पिवळं वाळू आहे. हिरवं घे. हिरवं पाणी असतं का? असतं, तळ्यात असतं, शेवाळाचं. मग हे तळं आहे. होडी तळ्यात आहे. आभाळ… आभाळ राहू दे, आभाळ पांढरं, ढग आलेत…"

पेन्सिल चालायला लागली होती. शब्द थांबले की ती थांबे, शब्द आले की पुढं सरके. थोरलीला इतकी वर्षं वाटत होतं, की हात काम करतात आणि तोंड मागनं उगाच बडबडतं; इथं तोंडच पुढं चाललं होतं आणि हात त्याच्या मागनं येत होता.

तिच्या लक्षात आलं, की आपणही पुन्हा पुटपुटतोय. "हिला खाली घे. हिच्यावर ती." दुकानात दोघीजणी बोलत होत्या आणि दोघींपैकी कुणीही कुणाशी बोलत नव्हतं.

झगा टांगून झाल्यावर तिनं न विचारताच चहा टाकला. बाई चित्र पिशवीत ठेवत होती. हिरवं पाणी, पांढरं आभाळ, होडीत एक मोजा. मोजा का, ते बिट्टीनं मोज्यांच्या टोपलीकडे जाता जाता सांगितलं होतं: त्याचा भाऊ हरवलाय, तो शोधायला निघालाय.

"शाळेला सांगते मी," बाई म्हणाली. "मोठ्या गटात बसवा, आणि बोलली तर बोलू द्या."

"ऐकतील?"

"कधी ऐकतात, कधी नाही. पुन्हा जाईन. तिथंही स्टूलच देतात." ती पहिल्यांदा थोडीशी हसली.

थोरली कप घेऊन तशीच उभी राहिली. पडद्याकडे एकदा बघितलं, सून आली नव्हती. मग तिनं ते विचारलं, इतके दिवस जे कुणाला विचारलं नव्हतं. नवऱ्याचं सगळं सांगितलं. भिंत, हवेतला शर्ट, कॉलर, बाही. "तोही कामाचंच बोलायचा, बाई. हिच्यासारखंच. मग ते काय होतं? आत गेलेलं परत बाहेर आलं होतं का? आणि हिच्यात ते उतरलंय का?"

बाईनं पिशवी खाली ठेवली. "हिचं बोलणं हिच्या आजोबांकडून आलेलं नाही. सगळ्याच मुलांना असतं ते, तुम्हालाही होतं, मलाही. पुढं कुणाचं काय होईल ते मला सांगता येत नाही, पण आज ह्या मुलीत मला काळजीचं काही दिसत नाही."

"आणि त्याचं?"

"त्यांचं मला ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"मी लहान मुलांपाशी बसले, आजी. जन्मभर. म्हाताऱ्या माणसांपाशी कधी बसले नाही. त्यांचं बोलणं कुठून येत होतं, त्यांना तुमचं 'झाली' ऐकू जात होतं की नाही, मला माहीत नाही. बरं वाटेल असं काहीतरी सांगता येईल. पण ते खरं आहे की नाही, मला ठाऊक नसेल."

टोपलीपाशी बिट्टी म्हणत होती, "हा काळा. ह्याचा भाऊ कुठाय? तू नाही. तू थांब."

थोरलीनं कप बाईच्या पुढ्यात ठेवला. मग ती पाठीची खुर्ची ओढून आणली, स्टुलाला पायानं बाजूला सारलं, आणि बाई खुर्चीवर बसेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रीतभात तुम्हाला नाही, बाई," ती म्हणाली. "पोरांना अडवून गंमत बघता, घरात शिरताना घंटी वाजवत नाही, आणि तुमची विद्याही अर्धीच, एवढुशांपाशी संपते. पण माझ्या नवऱ्याचे इतके डॉक्टर झाले, प्रत्येकानं मला काही ना काही सांगून वाटेला लावलं. 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. म्हणून तुमचं पोरीबद्दलचं बोलणं मी खरं धरते. आता तो चहा प्या. ह्या घरात नको म्हणायचं नसतं."